रेडिओ लावा, पण हाक ऐकू येऊ दे

आज सकाळी बेळगावच्या वडगावात एका घराच्या कामावर थांबलो. काम माझं नव्हे, ओळखीच्या मेस्त्रींचं. रात्रभर झड लागलेली, खालच्या खोलीत घोटाभर पाणी साचलेलं. त्या पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूच्या ढिगावर रेडिओ. साइटसाठीच बनवतात तसला, चारी कोपऱ्यांना जाड रबर, वर धरायला पाइपासारखी मूठ. कुणाच्या तरी भावानं दुबईहून आणलेला. तिकडची पिन तीन चौकोनी दांड्यांची, ती आपल्या बोर्डात बसत नाही. पोरानं ती कापूनच टाकलेली. दोन वायरी दातानं सोलून बोर्डाच्या भोकांत खुपसलेल्या, निसटू नयेत म्हणून काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या, आणि एक काडी वरच्या अर्थिंगच्या भोकात, आतली झडप उघडी राहावी म्हणून. पोरगं विशीतलं, पायात चप्पल नाही, पाण्यात उभं राहून स्टेशन बदलत होतं.

मी जाऊन मेन स्विच पाडला. गाणं थांबलं आणि सगळी साइट माझ्याकडं बघायला लागली, जसं काय मी कुणाच्या पुढचं ताट ओढून घेतलं. मेस्त्री हसत म्हणाले, "काय की राव तुम्ही! रेडिओनं कधी कोण मेलंय?"

दिवसभर ते वाक्य डोक्यातनं गेलं नाही. आता जेवण झालंय, बाहेर पाऊस चालूच आहे, आणि मी लिहायला बसलोय.

माझा मामा रेडिओनं मेला नाही. त्याचा उजवा खांदा गेला.

2013 साल. अनगोळला दुसऱ्या मजल्याचं बांधकाम चालू होतं, मामा खाली विटा भरून बुट्टी हुकाला अडकवून देत होता. वर मोटरवरची छोटी लिफ्ट, ती चालवायला बैलहोंगलकडचा एक अण्णा. खाली माझा स्पीकर, फुल्ल आवाजात. बुट्टी वर जाताना तिचा एक कान हुकातनं सुटायला लागला. अण्णाला ते दिसलं. तो वरनं ओरडला, "सरी! सरी!" कानडीत सरी म्हणजे सरक, बाजूला हो. आणि कानडीत सरी म्हणजे बरोबर, ठीक आहे, असंही. हे आपल्याकडं लहान पोराला पण ठाऊक आहे. तो कसा ओरडला, घाबरून की सहज, हे ऐकू आलं असतं तर मामाला लगेच कळलं असतं. पण त्या गाण्यातनं मामापर्यंत पोचला नुसता शब्द. मामानं वर बघितलं, हात हलवला, आणि तिथंच उभा राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलला ते एवढंच, "मला वाटलं, तो बरोबर हाय म्हणालाय."

आता कुणी म्हणेल, चूक हुकाची. होय, हुकाला खिटी नव्हती, लिफ्टखाली माणूस उभा राहायलाच नको होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सगळं मान्य. पण बुट्टीचा कान सुटायला लागल्यापासून ती पडेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळाले होते, आणि ते त्या स्पीकरनं खाल्ले.

माझे आबा पण गवंडी होते. त्यांच्या कामावर ट्रान्झिस्टर असायचा, चामड्याच्या पिशवीतला, चौकटीच्या खिळ्याला टांगलेला. टांगायचे कारण खाली चुना, सिमेंट, पाणी. त्यात टॉर्चचे जाड सेल, म्हणजे शॉक लागायचा प्रश्नच नाही. मीडियम वेव्हवर काटा 765 वर नेला की धारवाड, 1251 वर नेला की सांगली. सकाळी सांगलीच्या मराठी बातम्या, दुपारी भाकरीच्या वेळी धारवाडची कानडी गाणी, म्हणजे दोन्हीकडची माणसं खूश. ह्यावरून भांडण झालेलं मी कधी बघितलं नाही, आणि बाहेरच्यांनी आमच्या सीमाभागाबद्दल कायबाय लिहिण्याआधी हे एकदा बघावं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मीडियम वेव्हला एक खोड होती. जवळ कुठलंही मशीन चालू झालं, कटर असो की ड्रिल, की त्याच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओत नुसती खरखर सुरू व्हायची. ऐकायला येतच नसे. म्हणून आबा मशीन लावायच्या आधी रेडिओ बंद करायचे. कुणी नियम केला नव्हता, रेडिओच करून घेत होता. आता ब्लूटूथला आणि एफएमला ती खरखर बाधत नाही. मशीन चालू झालं की आपण काय करतो? आवाज वाढवतो.

अनगोळला पण तेच झालं होतं. शेजारच्या खोलीत ग्रॅनाइट कापायला ग्राइंडर लागला, गाणं ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. मीच वाढवला. मोबाईल माझ्या हातात होता. हे आजवर मी घरात पण मोजक्या वेळाच बोललोय. आज इथं लिहितोय कारण मेस्त्री हसले.

ग्राइंडर दगड कापताना शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो. अमेरिकेत एनआयओएसएच म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था आहे. ती सांगते, 85 डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला जास्तीत जास्त 8 तास राहावं, आणि पुढं दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, असं करत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आपली माणसं ग्राइंडरजवळ दिवस काढतात, आणि गाणं त्याच्यावर चढवायचं म्हणजे त्याहून मोठं. त्यात सकाळी दहा वाजता जेवढा आवाज पुरतो तेवढा चारला पुरत नाही, कारण कान तोवर बधिर झालेले असतात. मग परत वाढवा. मोजायला यंत्र नको. हाताच्या अंतरावर, म्हणजे तीनेक फुटांवर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तुम्ही 85 च्या वर आहात, एवढं समजून चाला. पन्नाशीतले गवंडी घरात टीव्ही केवढ्यानं लावतात ते त्यांच्या सुनांना विचारा.

मला माहीत आहे, काहीजण म्हणतील की रेडिओशिवाय काम ओढत नाही. खरं आहे, नाही ओढत. दिवसभर गिलावा मारणाऱ्याला गाणं लागतंच, मलाही लागतं. माझ्या कामावर रेडिओ आजही आहे. पण मशीन लागलं की बंद. लिफ्ट चालू, बंद. स्लॅब टाकायच्या दिवशी तर तो गाडीतनं उतरतच नाही, मिक्सर आणि व्हायब्रेटरच्या गोंगाटात आधीच कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. बाकी वेळी दहा-पंधरा पावलांवरनं साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे, तेवढाच आवाज. रोज सकाळी मी स्वतः लांब जाऊन हाक मारून बघतो. पोरं हसतात. हसू देत.

आणि तो कानात इयरफोन घालणारा प्रकार माझ्यापुढं आणू नका. "कुणाला त्रास नाही मग," म्हणतात. अरे, मागं येणारा काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर ऐकू येत नाही! उघड्या रेडिओत निदान सगळ्यांना एकच गाणं ऐकू येतं आणि कुणीतरी एक जण तो बंद करू शकतो. कानात घातलेल्याला वाचवायला त्याच्या अंगापर्यंत पळत जावं लागतं.

शिट्टीचं सांगायचं राहिलं. मामाच्या प्रकारानंतर मी प्रत्येक मजल्यावर एक शिट्टी ठेवली. गळ्यात दोरीनं. मराठी, कानडी, उडिया, हिंदी, आता साइटवर सगळ्या भाषांची माणसं असतात, आणि "सरी"चं काय होतं ते मी बघितलंय. शिट्टी वाजली की जिथं आहात तिथनं भिंतीकडं व्हायचं, वर बघत उभं राहायचं नाही. कामावर आल्या दिवशी प्रत्येकाला हे दोनदा करून दाखवतो. रेडिओ मोठा असला तर शिट्टी पण बुडते, म्हणून पुन्हा तेच, आवाज कमी.

आता त्या वायरीकडं येतो, आणि इथं मला खरंच राग येतोय.

त्या दुबईच्या रेडिओच्या पाठीला 18 व्होल्टची बॅटरी बसते. तीच बॅटरी मेस्त्रींच्या ड्रिलला होती, दोन पावलांवर, खुंटीला. त्या बॅटरीवर रेडिओ लावला असता तर पाण्यात उभ्या पोराला काही झालं नसतं. पण बॅटरी ड्रिलसाठी राखून ठेवायची, आणि पोरासाठी 230 व्होल्ट. कापलेल्या त्या चौकोनी पिनेच्या पोटात एक बारका फ्यूज असतो, तोही पिनेबरोबर कचऱ्यात गेला. फ्यूज असता तरी माणूस वाचला असता असं नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, आणि माणसाचं काळीज थांबायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. माणसाला वाचवतो तो ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, 30 मिलिअँपियरचा. तेवढा करंट अंगातनं जमिनीत निसटायला लागला की निमिषात लाइन पाडतो. पाच-सहा पोती सिमेंटच्या पैशात येतो. आणि पन्नास-साठ लाखांच्या घराच्या कामावर तो नसतो! असला तर "पावसात सारखा पडतो" म्हणून वायर टाकून बायपास केलेला असतो. अरे बाबांनो, पावसात पडतो कारण पावसात करंट गळतोय! तो तुम्हाला सांगतोय आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधताय. लेबर कार्ड, म्हणजे कामगाराच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, काढून दिलं की आपली जबाबदारी संपली, असं समजणारे ठेकेदार ह्याच गावात माझ्याबरोबर चहा पितात. वाचत असाल तर वाचा.

"पण रेडिओवर वॉटरप्रूफ लिहिलंय." आयपी 54 लिहिलेलं असतं बहुतेक. ते धूळ आणि शिंतोड्यांपुरतं, तेही झाकणं घट्ट लावलेली असताना. आपल्या पावसात साचलेल्या पाण्यात ठेवायला नव्हे. आणि बोर्डाला तर तेवढंही कवच नसतं, तो जमिनीवर पडलेलाच असतो.

बॅटरीवर चालवा म्हणालो म्हणून बॅटरीबद्दलही थोडं. चार्जर कोरड्या खोलीत, भुशाच्या किंवा थिनरच्या डब्याजवळ नको. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅबवर टाकलेली, हाताला चटका देणारी बॅटरी तशीच चार्जरला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. फुगलेली, पडून चिरलेली बॅटरी परत लावायचीच नाही. सुटी बॅटरी खिळे आणि बाइंडिंग वायरच्या पिशवीत टाकू नका, तोंडाच्या पट्ट्यांना तार लागली की आग लागू शकते. आणि अमेरिकेतनं कुणी रेडिओ आणला तर अ‍ॅडॉप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का ते वाचा, तिकडं 120 व्होल्ट असतात, आपल्याकडं 230.

एवढं लिहून राग जरा उतरला. मेस्त्री माणूस वाईट नाहीत. गणपतीच्या आधी मालकांना घरात जायचंय, त्यामुळं त्यांच्या मागं घाई आहे, आणि घाईत सगळ्यांच्याच कामावर काड्या ठोकल्या जातात. मी पण त्या दिवशी आवाज वाढवताना एवढाच विचार केला होता की गाणं अर्धवट राहू नये.

संध्याकाळी येळ्ळूरला मामाकडं गेलो होतो. तो पडवीत बसला होता, रेडिओ डाव्या बाजूला, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आवाज इतका बारीक की मी पायरी चढलो तेव्हाच त्यानं मान वळवली. सकाळचं सगळं सांगितलं, पोराचे अनवाणी पाय, काड्या, मी स्विच पाडला ते. मला वाटलं, बरं केलंस म्हणेल.

त्यानं विचारलं, "मग पोराला पिन आणून दिलास काय?"

नव्हती दिली. गाणं बंद करून निघून आलो होतो. उद्या खडेबाजारात दुकान उघडलं की आपल्याकडची तीन गोल दांड्यांची चांगली पिन घेणार आणि वडगावला जाणार. बोर्ड कंबरेच्या वर कोरड्या भिंतीला टांगून देईन. मेस्त्रींची बॅटरी मागून बघतो, नाही दिली तर माझी एक देतो.