क्रोके म्हणे फ्रेंच दरबारातला बायकी खेळ!

एक मजकूर पुन्हा फिरतोय: क्रोके, म्हणजे हातोड्याने चेंडू मारून जमिनीत रोवलेल्या कड्यांतून पार करायचा खेळ, हा फ्रेंच दरबारातल्या पेल-मेल या जुन्या खेळाचा वंशज, श्रीमंत बायकांची नाजूक करमणूक, आणि टेनिस येताच संपलेला.

आधी वंशावळ. पेल-मेल लांबलचक पट्ट्यात, कमीत कमी टोल्यांत चेंडू टोकाच्या कडीपर्यंत नेण्याचा खेळ. हातोडा आणि कडी एवढंच साम्य. क्रोके इंग्लंडात १८५० च्या दशकात आयर्लंडहून आला आणि १८५६ मध्ये लंडनच्या आयझॅक स्प्रॅटने त्याचे नियम नोंदवले.

‘श्रीमंतांचा’ हे अर्धं खरं. सपाट हिरवळ लागते, म्हणजे अंगण हवंच. पण एडविन बडिंग या इंग्रजाने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे मध्यमवर्गालाही हिरवळ राखता येऊ लागली.

टेनिसने क्रोकेला मागे टाकलं, हे मान्य. विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये क्रोकेसाठीच निघाला. तिथे १८७५ मध्ये टेनिस शिरलं आणि १८८२ मध्ये क्लबच्या नावातून क्रोके गळालं. पण संपलं म्हणावं, तर १८९७ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १८९९ मध्ये क्लबच्या नावात क्रोके परतलं, आणि १९२५ पासून मॅकरॉबर्टसन शील्डचे आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले.

सगळ्यात फसवा शब्द ‘नाजूक’. आजचं मैदान ३५ बाय २८ यार्ड, सहा हूप (म्हणजे चेंडू पार करायच्या कड्या) आणि मधोमध खुंटी. चेंडू सुमारे ९२ मिमी व्यासाचा, ४५४ ग्रॅमचा. हूपमधून जाताना मोकळी जागा जेमतेम तीन मिमी. तिरक्या कोनातून मारला की चेंडू खांबाला धडकून तोंडातच अडकतो. म्हणून खरा डाव आधीच रचावा लागतो: आपला चेंडू मारून दुसऱ्या चेंडूवर आदळवा, मग आपला चेंडू त्याला चिकटवून ठेवा आणि एकाच टोल्यात दोन्ही हलवा, असे की तो पुढे उपयोगी पडेल आणि आपला हूपसमोर थांबेल. त्यानंतर एक जादा टोला मिळतो. हूप पार झालं की आणखी एक. मॅलेट (हातोडा) टोल्यानंतर चटकन थांबवलं तर समोरचा चेंडू लांब जातो, आपला जवळ राहतो. पुढे ढकलत नेलं तर दोन्ही जवळजवळ सारखंच अंतर जातात. यात दंडाचं बळ दुय्यम. म्हणूनच स्त्री-पुरुष एकाच मैदानावर, एकाच नियमांनी खेळले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रोकेत स्त्रिया होत्या. इंग्लंडचं खुलं अजिंक्यपद, म्हणजे पुरुषांसह सगळ्यांसाठी असलेलं, १९०५ मध्ये लिली गॉवरने जिंकलं; पुढे डोरोथी स्टीलने चार वेळा.