टायरवरचा शिलालेख

मार्च महिन्यातल्या एका सकाळी मी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलो असताना शेजारचे एसटीवाले काका फाटकाशी थांबले, वैद्याने नाडी पाहावी तसे आमच्या गाडीच्या पुढच्या चाकावर वाकले आणि म्हणाले, "सर, गोटा झाला न टायर तुमचा!" काका एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले असल्यामुळे चाक या विषयात त्यांचा शब्द आमच्या गल्लीत अखेरचा मानला जातो. मी मात्र थोडा दुखावलो, कारण बोलताना काका टायरकडे पाहत होते की माझ्या डोक्याकडे, हे त्यांच्या जाड भिंगांमुळे मला नीट कळले नाही.

काकांनी टायरच्या खाचेत नख घालून तळाशी असलेला एक बारीक उंचवटा दाखवला. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि ती झिजत झिजत १.६ मिलिमीटरवर आली की हा उंचवटा वरच्या पृष्ठभागाला टेकतो. मोटार वाहन नियमांच्या दृष्टीने तेथे टायरचे आयुष्य संपते. आठ वर्षे मी या गाडीचा मालक आहे, दर दसऱ्याला तिच्या चारही चाकांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, पण हा उंचवटा मला आजवर भेटला नव्हता. आता तो भेटला, आणि भेटला तो पृष्ठभागाच्या अगदी बरोबरीला येऊन.

एरवी मी हा विषय दिवाळीपर्यंत सहज लांबवला असता. परंतु मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला पुतण्याचे लग्न होते, जायचे समृद्धी महामार्गाने होते, आणि २०२३ साली आरटीओच्या पथकांनी याच महामार्गाच्या नागपूरकडच्या तोंडाशी, शिवमडक्याला, टायर तपासून गोटा झालेल्या गाड्या परत पाठवल्याचे काकांना तोंडपाठ होते. आहेराच्या साड्या, संत्रा बर्फीचे सहा डबे आणि सासूबाई यांच्यासह शिवमडक्याहून माघारी फिरण्याचे चित्र डोळ्यांसमोर येताच मी टायर घेण्याचा निश्चय केला.

निश्चय केल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे प्रथम वाचनाला बसलो. तीस वर्षे महाविद्यालयात मराठी आणि व्याकरण शिकवलेल्या माणसाला लिहिलेले काही दिसले की ते लावल्याशिवाय राहवत नाही. ज्या शहरात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे ताम्रपट लावले, त्या शहरात आपल्याला स्वतःच्या टायरच्या बाजूवरची एक ओळ लागू नये, ही मला नामुष्की वाटली. ओळ अशी होती: १८५/६५ आर १५ ८८ एच.

या एका ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, बाजूची उंची रुंदीच्या टक्केवारीत आहे आणि रिमचा व्यास इंचांत आहे. म्हणजे एखाद्या माणसाची छाती सेंटिमीटरमध्ये मोजावी, मान छातीच्या शेकडा तिसांत सांगावी आणि कमर मात्र गजात मोजावी, आणि मग शिंप्याने त्यावरून सदरा बेतावा, तसा हा प्रकार झाला. मधला 'आर' रेडियलचा, म्हणजे टायरच्या बांधणीच्या प्रकाराचा आहे. तो रिमच्या इंचांना चिकटून बसलेला असल्यामुळे मी आठ दिवस त्याचा अर्थ 'रिम' असाच समजत होतो आणि दोन माणसांना तसे ठामपणे सांगूनही बसलो होतो. पुढचे ८८ हे किलो नसून क्रमांक आहे. कोष्टकात त्याच्यासमोर ५६० किलो वजन दिलेले आहे. चार टायरांचे मिळून ते २२४० किलो होते, आणि आमचे अमरावतीचे साडू सहकुटुंब बसले तरी एवढे भरत नाही, हे मी कागदावर बेरीज करून पाहिले.

माझी खरी अडचण शेवटच्या 'एच'पाशी झाली. ही अक्षरे वेगाची मर्यादा सांगतात. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, यू म्हणजे २००. इथवर वर्णमाला शहाण्यासारखी चालते. त्यानंतर २१० ला व्ही यायला हवा होता, पण येतो एच! जीच्या मागोमाग मुकाट्याने उभे राहायचे सोडून हे अक्षर रांग मोडून यू आणि व्ही यांच्या मध्ये घुसलेले आहे आणि सगळ्या जगाने ते चालवून घेतले आहे. एखाद्या विद्यार्थ्याने वर्णमाला अशी लिहिली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. घरात याबद्दल मी जे काही बोललो, ते ऐकून बायकोने एवढेच विचारले की समृद्धीवर १२० ची मर्यादा असताना आणि सीताबर्डीवर संध्याकाळी पायी चालणारे आपल्या पुढे जात असताना आपल्याला २१० चा निर्णय आजच करायचा आहे काय.

टायर कोणत्या आठवड्यात जन्मला हेही त्याच्यावर कोरलेले असते. चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मात्र ही जन्मतिथी पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू, माझ्या नशिबाने, गाडीच्या पोटाकडे होती. सकाळी साडेसात वाजता मी अंगणात सतरंजी अंथरून गाडीखाली अर्धा शिरलो असताना दूधवाला आला आणि माझे फक्त पाय पाहून त्याने "बाई, सर पडले पाहा!" अशी हाक मारली. तिथी मिळाली ती ३२१८, म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. माझ्या हिशेबाने तो आषाढ-श्रावणाचा सांधा होता.

आता कंपनी निवडायची होती. येथे मला वाटले की आपण अगदी आपल्या प्रांतात आलो, कारण शब्दांच्या व्युत्पत्तीत मी सहसा हरत नाही. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी, आणि तिची सुरुवात १९४६ साली खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. सीएट हे तर इटालियन नाव आहे. १९२४ साली तुरीन शहरात निघालेल्या त्या कंपनीच्या आद्याक्षरांचा अर्थ 'विजेच्या तारा व तत्सम वस्तू, तुरीन' असा होतो, आणि या 'तत्सम'मध्येच पुढे टायर आले असावेत, असे समजून मी त्या शब्दाला मनोमन नमस्कार केला. आज त्याच नावाच्या भारतीय कंपनीचा दुचाकीच्या टायरांचा कारखाना आपल्या बुटीबोरीला आहे. ब्रिजस्टोनचे संस्थापक इशिबाशी हे जपानी गृहस्थ; त्यांच्या आडनावाचा अर्थ 'दगडी पूल', तो त्यांनी उलटा करून इंग्रजीत घातला. आपल्याकडे कोणा सोनारांनी किंवा वाघमाऱ्यांनी असे काही केलेले माझ्या ऐकिवात नाही. रबर टिकाऊ करण्याची कृती शोधणारे चार्ल्स गुडइयर १८६० साली कर्जात वारले, आणि त्यांचे नाव घेऊन कंपनी निघाली ती १८९८ साली, तीही त्यांच्या घराण्याशी काही संबंध नसताना. डनलॉप हे बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी १८८७-८८ साली हवेचे टायर केले.

ही सगळी माहिती मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितली. बायकोने आमटी वाढत विचारले, "मग कोणते घ्यायचे?" त्याचे उत्तर व्युत्पत्तीत नव्हते.

एव्हाना बातमी पसरली होती. आपल्याकडे कोणी फ्रिज घेतो म्हटले तर लोक किंमत विचारतात; टायर घेतो म्हटले की किंमत कोणी विचारत नाही, सगळे थेट सल्ल्यावर येतात. पुण्याच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर १९५ रुंदीचे घ्या म्हणून सांगितले, कारण ते "भारदस्त दिसतात". मी गणित केले. बाजूची टक्केवारी तीच ठेवून रुंदी दहा मिलिमीटरने वाढवली तर चाकाचा व्यास तेरा मिलिमीटरने वाढतो, आणि काटा १०० दाखवत असताना गाडी खरी १०२ च्या आसपास धावते. साठीनंतर आपल्या नकळत वेग वाढावा अशी माझी इच्छा नसल्यामुळे हा प्रस्ताव मी फेटाळला.

साडूंचा फोन अमरावतीहून आला. "साडभाऊ, कोणतेही घ्या, पण उन्हाळ्यात हवा कमीच ठेवत जा. आम्ही २८ च्या वर जातच नाही. गरमीनं हवा फुगते अन् टायर फुटते, साधी गोष्ट आहे." गोष्ट इतकी साधी आणि पटण्याजोगी आहे की निम्मे विदर्भ तिच्यावर विश्वास ठेवून आहे. प्रत्यक्षात मात्र ती उलटी आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि जास्त वाकते, त्या वाकण्याने ती आतून तापत जाते, आणि सिमेंटच्या तापल्या रस्त्यावर दोन तास सलग वेगाने गेल्यावर फुटते ती बहुधा हीच बाजू. चालकाच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा जो आकडा चिकटवलेला असतो, तो आमच्या गाडीवर ३३ आहे आणि उन्हाळ्यातही तो ३३ च असतो. फक्त ती हवा टायर थंड असताना मोजावी, असे त्याखाली लिहिलेले आहे.

हे शेवटचे वाक्य लिहिणारा माणूस नागपूरला आलेला नसावा. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सोसले आहेत. मे २०२४ च्या अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि हवामान खात्याला यंत्र बिघडल्याचा खुलासा करावा लागला. पण तो खुलासा वाचेपर्यंत त्या आकड्यावर अविश्वास दाखवावा असे आमच्या गल्लीत एकालाही वाटले नव्हते. अशा गावी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, टायर थंड केव्हा असतो? मी पाहणी केली आहे. पहाटे पाच ते सव्वापाच. त्या वेळी हवा भरणारा झोपलेला असतो.

दुकानात आम्ही चौघे गेलो: मी, बायको, काका आणि माझी टिपणवही. वाडीच्या वाटेवरच्या त्या दुकानात भिंतीला लागून पन्नासएक टायर उभे होते आणि मला ते सर्व काळे आणि गोल दिसले. तीन आठवड्यांच्या अभ्यासाचे हे फळ होते. दुकानदाराने विचारले, "दोन की चार?" आणि तेथेच परिषद भरली. मी टायरांची अदलाबदल कधीही न केल्यामुळे पुढचे दोन गोटा झाले होते आणि मागच्यांची नक्षी बरी होती. दोन घेऊन पुढे लावावेत, कारण इंजिनही पुढे आणि स्टिअरिंगही पुढे, असे काकांचे मत पडले. दुकानदार म्हणाला, "काका, दोनच घेतले तर नवे मागं लावतो आम्ही. पावसात पुढचं चाक घसरलं तर हातातल्या स्टिअरिंगले समजते, गाडी सरळ जाते. मागचं घसरलं तर गाडी फिरूनच जाते न बाप्पा." काकांनी यावर बराच वेळ विचार केला आणि "एसटीले मागं चार चाकं राहतात" असे म्हणून त्यांनी सन्मानाने माघार घेतली. शेवटी माझ्या सतरंजीवरच्या संशोधनाने निकाल लागला. नक्षी असो वा नसो, आठ वर्षांत रबर कडक होते. मागच्या टायरांच्या बाजूंवर भेगाही दिसत होत्या. चार.

यापुढचा कारभार बायकोने हाती घेतला. मी दुकानदाराशी एच या अक्षराबद्दल बोलत असताना तिने समोर आलेला पहिला टायर संत्र्याच्या ढिगातले फळ फिरवावे तसा फिरवला, तिथी शोधली आणि म्हणाली, "हा ४१२३ आहे. २०२३ चा माल आम्हाला का देता?" दुकानदार म्हणाला, "ताई, टायर काय दूध आहे काय?" ती म्हणाली, "दूध नाही, म्हणूनच तर आठ वर्षे वापरणार. ताजे काढा." आतून २०२६ सालच्या चौथ्या आठवड्याचे निघाले. त्याच कंपनीचे, त्याच भावाचे. कंपनी कोणती हे मी सांगत नाही, कारण ती आम्ही निवडली नाही. ताजे चार तिचेच होते. जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याचे दुकानदाराने सांगितले, तेव्हा आठ वर्षे दुर्लक्ष केल्याचा निदान एवढा तरी लाभ झाला असे मला वाटले.

जुने टायर उतरले, नवे चढले, रिमच्या काठाला शिशासारख्या लहान पट्ट्या ठोकून तोल साधला गेला. मग मुलाने "नायट्रोजन भरू ना सर?" असे विचारले. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो घरी अंगणातही मिळतो, असे मी सांगितले. उरलेल्या २२ टक्क्यांचे तो चार चाकांमागे दोनशे रुपये मागत होता. काकांनी साधी हवा भरायला लावली, तीही ३३, आणि हवेचे यंत्र शून्यावर आहे की नाही ते आधी तपासून.

बावीस हजार चारशे रुपये देऊन घरी आलो आणि कोणाला काही दिसले नाही. एवढ्या पैशांची पैठणी घेतली असती तर गल्लीतल्या बायका पदर हातात घेऊन पाहून गेल्या असत्या. दूधवाला गाडीला वळसा घालून गेला. नवेपणाची एकच खूण होती: नव्या टायरवर साच्यातून निघताना रबराचे बारीक बारीक केस राहतात, ते चारही चाकांवर ताठ उभे होते. मी दोन दिवस गाडी हलवली नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवले. गोटा म्हणणाऱ्या काकांनाही दाखवले. "छान आहेत केस," काका माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाले. या वेळी त्यांनी चष्मा पुसून घेतला होता.

संध्याकाळी साडूंचा पुन्हा फोन आला. सगळा वृत्तान्त ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अन् स्टेपनी?"

मी डिकी उघडली. बर्फीच्या डब्यांसाठी मोकळी केलेली चटई उचलली. खाली पाचवे चाक होते, आठ वर्षांत एकदाही जमिनीला न लागलेले, नक्षी पुरी आठ मिलिमीटर, अंगावरचे सगळे केस जसेच्या तसे. मी बोटाने धूळ पुसली आणि तिथी वाचली. ३२१८.

"साडभाऊ, ऐकू येते न?" फोनमधून आवाज येत होता. "तिच्यातली हवा पाहिली काय?"