लाल तो लालच दिसू दे ना!

जळगावात लिनक्सवर स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे टर्मिनलच्या कमांड-खिडकीत चालणारा छोटा प्रोग्राम. चूक लाल, इशारा पिवळा, सगळं झकास. भुसावळच्या मित्राने त्याच्या जुन्या विंडोज मशीनवर चालवली आणि लगेच फोन, "काय रे भो, हे काय दिसतंय?" रंग नाहीच, प्रत्येक ओळीआधी कंस, ३१ आणि एम! अरे, हा लाल रंगाचा एस्केप कोड, म्हणजे पडद्याला 'आता रंग बदल' असं सांगणारी खूण. या धाटणीचे कोड १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे रूढ झाले. विंडोजच्या कन्सोलला ते कळायला विंडोज १० यावं लागलं, वर ते कोड समजायचा मोड बऱ्याचदा प्रोग्रामनेच चालू करायचा.

बरं, रंग उमटला तरी ३१ म्हणजे नेमका कुठला लाल, हे ज्याचं त्याचं टर्मिनल ठरवतं. दुसऱ्याकडे पांढऱ्या पडद्यावर माझा पिवळा इशारा दिसलाच नाही. फाइली पुसल्या जातील, हे त्याच ओळीत लिहिलं होतं हो!