‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

नव्या लशींच्या दूरगामी परिणामांवर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून उत्तर लांबवलं. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

लेखात माझं म्हणणं एवढंच होतं: आजवर लशींचे जे गंभीर दुष्परिणाम सिद्ध झाले, ते जवळजवळ सगळे डोस घेतल्यापासून काही दिवसांत, आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दिसले. ‘दहा वर्षांनी काय निघेल’ या भीतीला त्यामुळे फारसा आधार सापडत नाही. त्यावर आपण लिहिलंत, “आकडे फेकायला काय जातं? तुमच्या घरात कुणाला काही झालं असतं तर हे लिहायला हात धजावला नसता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.” पुढे डेंग्यूच्या लशीचा दाखला, चाचण्यांबद्दलची तक्रार, कंपन्यांच्या नफ्यावर दोन ओळी आणि शेवटी माझ्यासाठी ‘विकाऊ लेखणी’ हे विशेषण.

एक गोष्ट मान्य करतो. शीर्षकातला ‘अडाणी’ हा शब्द तिखट होता. शंका विचारणारा प्रत्येक जण अडाणी नसतो. शब्द काढला आहे.

आता माझ्या घराबद्दल. आपण ते काढलंच आहे, तर ऐका. माझ्या थोरल्या भावाला गियाँ-बारे सिंड्रोम झाला होता. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हात उचलेना, आणि शेवटी श्वासासाठी व्हेंटिलेटर. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते तेव्हा काय होतं, हे मी त्याच्या खाटेशी बसून पाहिलं आहे. बरा झाल्यावरही कितीतरी महिने त्याच्या शर्टाची बटणं वहिनी लावून देत होती. त्या आजारपणाच्या महिनाभर आधी त्याने फ्लूची लस घेतली होती. घरातल्या सगळ्यांनी लशीलाच दोष दिला. मीही बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, मधल्या काळात पोट बिघडलं होतं का? बिघडलं होतं, चांगले जोराचे जुलाब झाले होते. कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूमुळे होणारे जुलाब हे या आजाराचं ठळकपणे माहीत असलेलं कारण आहे. खुद्द फ्लूच्या तापानंतरही हा आजार होतो.

मग आमच्या भावाला तो कशाने झाला? एका खाटेकडे पाहून ते कुणालाच सांगता येत नाही. आम्हाला जळलं होतं, पण त्याने कारण कळलं नाही. कारण कळतं ते हजारो-लाखो माणसांची नोंद ठेवून, लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत तो आजार किती झाला याची तुलना करून. आपण ज्याला ‘आकडे फेकणं’ म्हणता ते हे काम आहे, आणि त्या शब्दांनी मला विशेषणापेक्षाही जास्त लागलं.

याच आजाराचं उदाहरण घ्या. 1976 साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली. दर लाखामागे साधारण एक जादा रुग्ण, इतका बारीक फरक नोंदींतून पकडला गेला आणि मोहीम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबली. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची ‘रोटाशील्ड’ ही लस 1998 मध्ये बाजारात आली. आतड्यात आतडं अडकण्याचा धोका, तोही बहुतेक पहिल्या डोसनंतरच्या दोन आठवड्यांत, लक्षात आला आणि 1999 मध्ये ती मागे घेतली गेली. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीतल्या ‘पँडेमरिक्स’ या लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाही अनावर झोप येण्याचा आजार, होऊ लागला, ते 2010 मध्ये उघड झालं. कोविडच्या एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर तरुण मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज आली, बहुतेकांना दुसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यातच. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. लपवायचं असतं तर लिहिलं असतं का? आपण लेख शेवटपर्यंत वाचलात की नाही, याची मला खरंच शंका आहे.

या प्रत्येक आकड्यात कुणाचं तरी मूल, कुणाचा तरी भाऊ आहे. 1955 मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहून गेला, त्यात दहा जण दगावले आणि सुमारे दोनशे मुलांना कमीअधिक पक्षाघात झाला. ते वाक्य लिहिताना मी थांबलो होतो. माझ्या मनात काय होतं हे आपल्याला दिसणार नाही, पण मग ‘याला काही वाटत नाही’ असं ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

बाकीचं थोडक्यात. डेंग्यूची लस: फिलिपिन्समध्ये 2016 पासून मुलांना दिली गेली आणि पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना पुढे तो झाल्यास जास्त गंभीर होऊ शकतो, हे कंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं. तिथला धोका पुढच्या संसर्गातून येतो. वर्षानुवर्षं लस शरीरात काही करत राहते म्हणून तो येत नाही, त्यामुळे मी ते उदाहरण घेतलं नाही. त्यावर वेगळं लिहीन. चाचण्यांबद्दलची तक्रार: कोविडच्या चाचण्यांत तुलनेसाठी ज्या गटाला लस दिली नव्हती, त्यालाही नंतर ती दिली गेली, हे खरं आहे. पण लस उपयोगी आहे हे कळल्यावर त्या माणसांना तसंच ठेवायचं होतं का? कंपन्या नफा कमावतात यावर आपलं दुमत नाही. ‘विकाऊ’ला उत्तर देत नाही.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. डेंग्यूवर वाद घालायचा असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घरात काय झालं आणि काय नाही यावर मात्र पुन्हा लिहिलंत, तर ते इथे राहणार नाही.