कॅटाल्डोचं चर्च एकट्या पाद्र्याने नाही बांधलं

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या कॅटाल्डो नावाच्या छोट्या गावाजवळच्या जुन्या चर्चचा फोटो, आणि खाली लिहिलंय की एका इटालियन पाद्र्याने एकट्याने, एकही खिळा न वापरता, गोऱ्या पायोनियर लोकांसाठी हे बांधलं आणि आजही इंजिनियर लोकांना हे कोडं सुटलेलं नाही. मी ते चर्च आतून बघून आलेय, म्हणून लिहितेय.

आधी ते "एकट्याने" घ्या. फादर अँटोनियो राव्हाली, इटलीतल्या फेराराचा, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री, माणूस खरा आणि डिझाइनही त्याचंच, आतले दोन पुतळेसुद्धा त्याने स्वतः सुरीने लाकडात कोरलेत. पण 1850 ते 1853 एवढी वर्षं ओंडके ओढणं, पायाचे दगड वाहणं, माती तुडवणं हे एका माणसाचं काम आहे का हो? ते केलं तिथल्या मूळच्या कोर डॅलेन जमातीच्या लोकांनी, आणि फॉरवर्डमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

खिळ्याचं म्हणाल तर अर्धं खरं. मूळ सांगाडा लाकडी खुंट्यांवरच उभाय, कारण त्या रानात खिळे मिळणारच कुठून! पण फोटोत ज्या फळ्या दिसतात त्या 1865 मध्ये बाहेरून ठोकल्यात, खिळ्यांनीच.

आणि कोडं कसलं? अहो, ती भिंत म्हणजे आपला कूड! उभ्या खांबांना गिरमिटाने भोकं पाडायची, त्यातून आडव्या काठ्या ओवायच्या, काठ्यांना गवत गुंडाळायचं आणि वरून चिखल लिंपायचा, झाली भिंत. कोकणात आमच्या आजोळी कारवीच्या काठ्या आणि शेणमाती असायची, इथे भिंत चांगली फूटभर जाड, एवढाच फरक. आत एका ठिकाणी लाकडी आच्छादन काढून भिंत मुद्दाम उघडी ठेवलीय, तिथे वाळलेल्या मातीत बोटांचे ठसे दिसतात. लिंपताना बोटं ओढली की उठतात ना, तसेच. आजीच्या गोठ्याच्या भिंतीवर अगदी असेच होते, मी बराच वेळ तिथेच उभी होते.

राहिलं "पायोनियर लोकांसाठी". 1850 मध्ये तिथे गोऱ्यांची वस्ती नव्हतीच जवळजवळ, आयडाहो टेरिटरी (राज्य होण्याआधीचा प्रदेश) सुद्धा 1863 ची. मुलन रोड नावाचा सैन्याने बांधलेला गाडीरस्ता त्या बाजूने गेला 1859-60 च्या सुमारास, म्हणजे चर्च उभं राहून सहासात वर्षं झाल्यावर, मग प्रवासी तिथे थांबायला लागले. तोवर प्रार्थनेला बसणारे आणि बांधणारे एकच लोक होते. पुढे रिझर्व्हेशनची, म्हणजे जमातीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीची, हद्द अशी आखली गेली की चर्च हद्दीबाहेर राहिलं, आणि 1877 मध्ये मिशन, म्हणजे पाद्र्यांचं ठाणं, डेस्मेट या गावी हललं. ज्यांनी बांधलं त्यांनाच ते मागे सोडून जावं लागलं, आणि आपण म्हणतोय की ते पायोनियर लोकांचं!

ते लोक संपले वगैरेही नाहीत हां. दरवर्षी 15 ऑगस्टला, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, कोर डॅलेन लोक आजही त्या चर्चला येतात.