रोज पाणी घालायचं की नाही? नागपूरच्या काकांना उत्तर

काका नमस्कार, कुंडीतल्या झाडांना पाणी घालण्याबद्दलच्या माझ्या पोस्टवर कमेंट जरा चिडूनच लिहिलीय तुम्ही, पण मुद्दे आहेत तिच्यात म्हणून इथेच सगळ्यांसमोर उत्तर देतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की "रोज पाणी घालू नका" हे पुण्यात बसून सांगणं सोपंय, नागपूरच्या मे महिन्यात झाड दोन दिवसांत खलास होईल. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही जास्वंदीची पानं पिवळी पडताहेत, कळ्या गळताहेत, नर्सरीवाला डीएपी खत टाका म्हणतो, मी खत थांबवा म्हणते, किडीवर नीम तेल तर कुचकामी, मग ऐकायचं कुणाचं.

उन्हाचं मान्य. ४५ डिग्रीला माझ्या बाल्कनीचा हिशोब चालणार नाही, तिकडे रोज पाणी लागेल, छोट्या कुंडीला दोनदासुद्धा. पण पोस्टमध्ये त्याच्या पुढचंच वाक्य होतं की बोट खुपसून बघा आणि मग ठरवा! दोन इंच खाली ओल लागली तर पाणी नको, ऊन कितीही असो. दुपारी माना टाकलेली पानं संध्याकाळी आपोआप उभी राहत असतील तर तो नुसता उन्हाचा तडाखा, तिथे हिरवी नेट बांधा. सकाळी सहालाही झाड मलूल असेल तर मात्र मुळं एकतर कोरडी आहेत नाहीतर कुजलीत, आणि वरून दोन्ही सेम दिसतं कारण कुजलेल्या मुळाला पाणी ओढताच येत नाही. लोक इथेच फसतात, अजून एक तांब्या ओततात.

पण काका, तुम्ही जाता जाता लिहिलंय की कुंडीत शेतातली काळी माती भरलीय, मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. ही माती ओली असली की चिकट, मुळांना हवा मिळत नाही, आणि एकदा वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. आपल्याला वाटतं पोटभर पाणी मिळालं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा. तुमच्याकडे काय झालंय ते खुरपीने कडेला उकरून बघा. चिखल आणि कुबट वास असेल तर पाणी थांबवा, ताटलीत साचलेलं ओतून टाका. कोरडी असेल तर अख्खी कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी घालत असाल तर ते बंद करा, त्यात क्षार साचलेले असतात.

डीएपीत १८ टक्के नत्र (नायट्रोजन), ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) शून्य. कुंडीतल्या जास्वंदीला एवढं स्फुरद काय करायचंय? जास्त झालं की झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या अशी दिसायला लागतात. तुमची जुनी, खालची पानं पिवळी पडताहेत की शेंड्याची नवी, हे कळवा, त्यावरून बरंच समजतं. मुळं आजारी असताना तर कुठलंच खत नको.

कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग दिसतेय का? मग तो पिठ्या ढेकूण (मिलीबग), यातलाच गुलाबी प्रकार द्राक्षवाल्यांनाही छळतो. अंगावर मेण असतं म्हणून नुसतं फवारलं की ओघळून जातं. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरला ५ मिली नीम तेल, ते आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोटून पाण्यात मिसळायचं, संध्याकाळी फवारायचं, दर आठवड्याला, कारण अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत. एकदा मारून सोडलं असेल तर कुचकामी वाटणारच ना! मुंग्यांचा पण बंदोबस्त करा, गोड चिकट्यासाठी त्याच या किड्यांची राखण करतात. आणि त्या कापसात एखादा मोठा, झिपऱ्या झिपऱ्या असलेला, भराभर चालणारा पांढरा किडा दिसला तर मारू नका प्लीज, ती बहुतेक ढेकूण खाणाऱ्या भुंग्याची अळी असते.

माती बदलायची घाई आत्ता करू नका, या उन्हात मुळं हलवली तर झाड जाईलच. मातीवर वाळक्या पानांचा जाड थर टाका, जुलैत पाऊस नीट लागला की निम्मी काळी माती काढून शेणखत आणि जाड वाळू मिसळा. तोवर पानांचा फोटो टाका, मागच्या बाजूचा.