खांद्याचा स्कोअर

व्यायामात खेळ मिसळला की व्यायाम गोड लागतो, हा शोध ज्याने लावला त्याचे दोन्ही खांदे शाबूत असणार. माझा उजवा आखडलाय. शर्टाच्या बाहीत हात घालायला आधी मनाची तयारी लागते आणि पाठीला खाज सुटली तर दाराच्या चौकटीला शरण जावं लागतं.

भिंतीवर बोटांनी चढणं, काठी धरून हात वर नेणं, हे व्यायाम मी इमानेइतबारे टाळत होतो. शेवटी फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला टीव्हीसमोर उभं केलं.

"काका, आज व्यायाम नाही. आज खेळ!"

"अजिबात दुखणार नाही" याच्या खालोखाल धोकादायक वाक्य हेच.

टीव्हीखाली किनेक्ट नावाचा कॅमेरा. २०१० साली पोराटोरांच्या खेळांसाठी आलेला. हातात काही धरावं लागत नाही. तो अवरक्त किरणांनी अंतर मोजतो, अंगातले वीस सांधे हेरतो आणि पडद्यावर तुमचा सांगाडा नाचवतो. कंपनीने २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं, पण इथे तो अजून नोकरीत आहे. वीसच्या वीस सांधे त्याला दिसतात, दुखणं मात्र एकाचंही दिसत नाही.

खेळ असा, की वरून फुगे येतात आणि ते हाताने फोडायचे. डावीकडचे मी पटापट उडवले. उजवीकडचा एक कानाच्या जरा वर येऊन तरंगत राहिला. अशा वेळी शरीर फार माणुसकीने वागतं. खांदा हलत नाही म्हटल्यावर कंबर वाकते, मान कलते, टाचा वर होतात, अख्खा देह त्याच्या मदतीला धावतो. फुगा फुटला. यंत्राने टाळ्या वाजवल्या, मॅडमनी नाही.

"खांदा कानाला लावू नका, काका. कंबर सरळ. हात वर."

असं म्हणून त्यांनी मागे उभं राहून माझं कोपर धरलं आणि कॅमेऱ्याचा गोंधळ उडाला. कोणता हात कोणाचा हेच त्याला कळेना. माझ्या सांगाड्याला भलत्याच जागी एक कोपर फुटलं, मॅडमचा हात माझा म्हणून धरला गेला, त्याने धडाधड फुगे फोडले आणि गुण माझ्या नावावर चढले. माझा उच्चांक अजून तोच आहे.

पलीकडे पक्षाघातातून सावरणारे एक आजोबा 'वी' (Wii) नावाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा रिमोट घेऊन पडद्यावरचं टेनिस खेळत. ते यंत्र त्याहून जुनं, २००६ चं. त्याला रिमोटचा झटका तेवढा समजतो. दंड किती फिरला हे त्याच्या गावीही नसतं. आजोबांनी हे केव्हाच हेरलं होतं. खुर्चीत टेकून, नुसतं मनगट उडवून ते गेममागून गेम जिंकत. मॅडम जवळ आल्या की हात मोठ्ठा फिरवत आणि लगेच हरत.

काही का असेना, फुग्यावर डोळा असला की हात भिंतीपेक्षा वर जातो, हे मला मान्य आहे. त्याच नादात तो नको तितकाही जातो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००७ साली एका २९ वर्षांच्या धडधाकट डॉक्टरची कथा छापून आली होती. हाच वीवरचा टेनिस तासन् तास खेळून तो झोपला आणि उठला तो उजवा खांदा धरूनच. दुखण्याला नाव दिलं 'ॲक्यूट वीआयटिस'. म्हणजे ज्या खेळात त्याचा खांदा गेला, तसल्याच खेळात माझा परत यायचाय!

मग खांदा शेकत पडलो असताना मला घबाड सापडलं. 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१६ चा एक अभ्यास. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी काहींना वी दिला, बाकीच्यांना पत्ते, जेंगा असले साधे खेळ. हात दोन्हीकडे सुधारले आणि वीवाले काही पुढे गेले नाहीत. मी मोबाइल मॅडमच्या पुढ्यात धरला. डाव्या हाताने, अर्थात.

"तो अभ्यास पक्षाघाताचा आहे, काका. तुमचा खांदा आखडलाय."

"पण पत्ते चालतील ना?"

"चालतील की! पिसायचे आणि वाटायचे मात्र उजव्या हाताने." मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कॅट तिथे आहे. सगळ्यात वरच्या फळीवर. आजोबांनाही विचारा खेळतात का, मनगट तयारच आहे त्यांचं."